एसएसडी मधेच रांगायला का लागते? क्यूएलसी-टीएलसी ही नक्की काय भानगड आहे?

गोंधळी

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आलीच.

लॅपटॉपमध्ये १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह) आहे, तीन वर्षं झाली असतील, त्यात साधारण २०० जीबी जागा मोकळी होती. काल दुसऱ्या एका एसएसडीवरून १५० जीबीचे जुने व्हिडिओ कॉपी करायला घेतले. सुरुवातीला सेकंदाला १४००-१५०० एमबी, मी एकदम खूश, म्हटलं दोन मिनिटांत काम फत्ते. आणि मग ४८ जीबीच्या आसपास आकडा धाडकन ८०-९० वर आला तो तिथेच, परत वर यायचं नावच नाही. घाबरलो, कॉपी थांबवली, रिस्टार्ट केलं, ड्राइव्ह मेली की काय असं वाटलं पण बाकी सगळं नीट चालतंय.

एका मित्राला विचारलं तर तो म्हणे "क्यूएलसी आहे ती, कचरा असतो, फेकून दे, टीएलसी घे". आता हे एसएलसी एमएलसी टीएलसी क्यूएलसी म्हणजे चिपच वेगळी असते का? मटेरियल वेगळं असतं? आणि खरंच फेकायची गरज आहे का? माझा डेटा उडणार का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, पण जरा सोप्या भाषेत, माझा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध फ्यूज बदलण्यापुरताच.

रातकिडा

ड्राइव्ह धडधाकट आहे, कॅश, म्हणजे झटपट लिहायची तात्पुरती जागा, संपली एवढंच. झोपा निवांत.

बाकी सविस्तर सोल्डरबाबा येऊन सांगतीलच, त्यांना असल्या धाग्यांचा लांबून वास येतो.

सोल्डरबाबा

आलोच 😀

गोंधळीभाऊ, आधी मटेरियलचा प्रश्न. चिप वेगळी छापलेली असते हे खरं, पण आतला सेल, म्हणजे एक छोटासा ट्रान्झिस्टर, तो तत्त्वाने सगळीकडे तोच. फरक आहे तो त्या एका सेलकडून किती बारकाईने काम करून घ्यायचं याचा. हे एवढं एक कळलं की स्पीड, आयुष्य, डेटा टिकणं, सगळं त्यातूनच आपोआप निघतं.

पुस्तकात पाण्याच्या ग्लासाचं उदाहरण देतात, मला ते कधीच पटलं नाही कारण सेल वाचताना आत किती इलेक्ट्रॉन आहेत हे कोणी डोकावून बघत नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार डोळ्यासमोर आणा. कोरडं दार हलक्या हाताने उघडतं, ओल धरलेलं जरा रेटा दिल्यावर, आणि पार फुगलेलं दार खांदा लावल्याशिवाय हलत नाही. म्हणजे लाकडात ओल किती आहे हे तुम्हाला दिसत नाही, पण किती रेटा लागला यावरून कळतं. सेलचं हुबेहूब तसंच. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली एक कप्पा असतो, चारी बाजूंनी इन्सुलेशनमध्ये चिणलेला. त्यात इलेक्ट्रॉन अडकवले की ट्रान्झिस्टर चालू करायला जास्त व्होल्टेज लागतं, याला थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणतात. इलेक्ट्रॉन म्हणजे ओल, थ्रेशोल्ड म्हणजे लागणारा रेटा. वीज गेली तरी ओल आतच राहते म्हणून डेटा टिकतो. ही फ्लोटिंग गेटची मूळ कल्पना १९६७ ची आहे, बेल लॅब्जमधल्या दावॉन कांग आणि सायमन झी यांची.

आता एसएलसीमध्ये तुम्ही एकच प्रश्न विचारता: दार सहज उघडतं की अडतं? बस, १ किंवा ०. एमएलसीमध्ये कोरडं, दमट, ओलं, चिंब अशा ४ पायऱ्या ओळखायच्या म्हणजे २ बिट. टीएलसीत ८ पायऱ्या, ३ बिट. आणि क्यूएलसीत त्याच एका दाराच्या फुगण्याच्या तब्बल १६ पायऱ्या वेगवेगळ्या ओळखायच्या, तेव्हा कुठे ४ बिट मिळतात.

गोंधळी

वा! दार आवडलं. पण एक शंका, ३ बिटचे ४ बिट झाले म्हणजे एकच वाढला ना, मग पायऱ्या एकदम ८ च्या १६ का?

सोल्डरबाबा

कारण प्रत्येक वाढीव बिटला आधीच्या सगळ्या शक्यतांची दुप्पट लागते. २, ४, ८, १६. आणि इथेच खरी मेख आहे: टीएलसीवरून क्यूएलसीवर गेलात की जागा वाढते फक्त ३३ टक्के, पण अचूकपणा लागतो दुप्पट, कारण व्होल्टेजचा एकूण पट्टा काही वाढत नाही, त्याच पट्ट्यात आठाऐवजी सोळा पायऱ्या दाटीवाटीने बसवायच्या. पुढे ५ बिटवाल्या पीएलसीचीही चर्चा असते, तिथे ३२ पायऱ्या पण जागा फक्त २५ टक्के जास्त. म्हणजे हा सौदा दर वेळी आधीपेक्षा वाईट होत जातो.

लिहायला वेळ का लागतो तेही यातच आलं. इलेक्ट्रॉन एकदम ओतता येत नाहीत. १५-२० व्होल्टच्या आसपासचा छोटा झटका द्यायचा, मग तपासायचं पायरी आली का, नाही आली तर किंचित मोठा झटका, परत तपासायचं. एसएलसीला ढोबळ काम चालतं, दोन-चार झटक्यांत साधारण २०० मायक्रोसेकंदात एक पान, म्हणजे एका वेळी लिहायचा डेटाचा तुकडा, लिहून होतं. क्यूएलसीला अगदी पाय मोजत चालावं लागतं, कारण पायरी ओलांडून पुढे गेलात तर मागे येता येत नाही, लिहिताना ओल फक्त वाढवता येते. त्यामुळे दीड-दोन मिलीसेकंद किंवा त्याहून जास्त. एसएलसीच्या निदान सात-आठ पट झालं हे.

उलटतपासणी

बाबा, मागे का येता येत नाही ते अर्धवट सोडलंत तुम्ही, आणि मला विचाराल तर एसएसडीची अर्धी रडकथा तिथेच आहे. म्हणून मी भर घालते.

लिहिणं होतं पानापानाने, साधारण १६ केबीचं एक पान. पण पुसणं होतं अख्ख्या ब्लॉकचं, ज्यात शेकडो हजारो पानं असतात, आजच्या चिपमध्ये कित्येक एमबी. बाबांच्या भाषेत एकेक दार भिजवता येतं पण वाळवायचं तर पूर्ण वाड्याची दारं एकदमच वाळवावी लागतात. म्हणून तुम्ही फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी कंट्रोलर (ड्राइव्हचा सगळा कारभार बघणारी चिप) जुनं पान तसंच सोडून नवीन पान दुसरीकडे लिहितो आणि जुन्यावर "बाद" अशी खूण करतो. मग कधीतरी निवांत वेळी अर्धवट बाद झालेला ब्लॉक घ्यायचा, त्यातली चांगली पानं दुसरीकडे हलवायची आणि तो पुसायचा. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. तुम्ही लिहिलं १ जीबी आणि आत प्रत्यक्षात लिहिलं गेलं दोन-तीन जीबी असं होतं ते यामुळेच, आणि ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तर जास्तच होतं.

गंमत म्हणजे फ्लॅश हे नावच या पुसण्यावरून पडलंय. तोशिबामध्ये फुजिओ मासुओका या इंजिनिअरने हे शोधलं, १९८४ मध्ये नॉर प्रकार जगापुढे मांडला आणि १९८७ मध्ये नँड. एका झटक्यात सगळं पुसलं जातं ते बघून शोजी आरिइझुमी नावाच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव चिकटलं. म्हणजे जी गोष्ट आज डोकेदुखी आहे ती तेव्हा भारी वाटलेली.

निवांत_नाना

नॉर आणि नँडमधला फरक पण सांगा कोणीतरी, मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

उलटतपासणी

@नाना, दारंच वापरूया. नॉरमध्ये प्रत्येक खोलीचं दार थेट व्हरांड्यात उघडतं, कुठलीही खोली हवी तेव्हा तपासा, झटपट. पण प्रत्येकाला स्वतंत्र वाट म्हणजे जागा फार जाते. नँडमध्ये खोल्या रेल्वेच्या डब्यासारख्या, एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी भली मोठी रांग आणि बाहेर पडायची वाट फक्त टोकांना. कमी जागेत खूप खोल्या बसतात म्हणून स्टोरेजसाठी नँडच. नॉर आजही आहे, मदरबोर्डवर बायोस ज्या चिपमध्ये असतं ती बहुतेक वेळा नॉरच.

पण मग नँडमध्ये मधलं एक दार तपासायचं कसं? बाकी सगळ्या दारांना जोरदार रेटा देऊन सताड उघडायचं आणि हव्या त्या दारालाच मोजून रेटा द्यायचा, माणूस पलीकडे पोचला की समजायचं उघडलं. याचा दुष्परिणाम असा की एक पान पुन्हा पुन्हा वाचत राहिलात तर शेजारच्या दारांना उगाच रेटे बसतात आणि त्यांची ओल किंचित बदलते. रीड डिस्टर्ब म्हणतात त्याला. कंट्रोलर मोजत असतो, फार झालं की तो ब्लॉक दुसरीकडे हलवतो. एसएलसीला यातलं काही फारसं जाणवत नाही, क्यूएलसीत मात्र दोन पायऱ्यांमध्ये अंतरच इतकं कमी की जरा धक्का लागला की शेजारच्या पायरीत.

यावरही एक झकास युक्ती आहे, मला फार आवडते. शेजारशेजारच्या पायऱ्यांना बिट असे वाटून देतात की एक पायरी चुकली तर चारांपैकी एकच बिट चुकावं, सगळे नाही. आणि तो एक चुकलेला बिट दुरुस्त करायला एलडीपीसी नावाचं चूकदुरुस्तीचं गणित कंट्रोलरमध्ये बसवलेलं असतं. थोडक्यात तुमच्या ड्राइव्हमधून कच्चा डेटा नेहमी चुकतमाकतच येत असतो, फक्त तुमच्यापर्यंत येईपर्यंत तो शुद्धलेखन तपासून येतो.

फटकळ

एवढं सगळं पुराण सांगून मुद्दा तोच ना, क्यूएलसी म्हणजे कंपन्यांनी पैसे वाचवायला काढलेला माल. एसएलसी ५०,००० ते १ लाख वेळा लिहून-पुसून चालायची. एमएलसी ३,००० ते १०,०००. टीएलसी हजार ते तीन हजार. आणि क्यूएलसी काही शे ते हजारभर. आकडे बोलतात. मी तर अजून जुनी एमएलसी ड्राइव्ह जपून ठेवलीय.

आणि नावांचा घोळ वेगळाच. एमएलसीतल्या एमचा मल्टी म्हणजे अनेक, पण एमएलसी म्हणजे दोनच बिट असं लोक धरून चालतात, आणि याचाच फायदा घेत काहींनी टीएलसी ड्राइव्हवर "३-बिट एमएलसी" असं छापून विकलं. काय बोलणार.

सोल्डरबाबा

नावांबद्दल +१. आकडे पण ढोबळमानाने बरोबर. झिज का होते तेही सांगतो, दर वेळी इलेक्ट्रॉन त्या पातळ इन्सुलेशनमधून बळजबरीने आत-बाहेर जातात आणि जाताना ते थोडं थोडं खराब करतात, जसं दार दर पावसाळ्यात फुगून आणि सुकून चौकट खिळखिळी होते. खिळखिळ्या चौकटीत "अडतं की नाही" एवढं अजूनही सांगता येईल पण १६ पायऱ्या कुठून ओळखणार? म्हणून तोच सेल एसएलसी म्हणून वापरला तर कितीतरी जास्त जगतो.

पण फटकळराव, जुनी एमएलसी म्हणजे सोनं हे मला मान्य नाही. २०१३ च्या आधी सगळं सपाट होतं, सेल लहान लहान करत १५-१६ नॅनोमीटरपर्यंत नेले, इतके बारीक की दोन पायऱ्यांमधला फरक मोजक्या इलेक्ट्रॉनवर आला, आणि शेजारचा सेल लिहिला तरी ह्याचं व्होल्टेज हलायचं. त्यानंतर सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची उभी रचना बाजारात आणली, थ्रीडी नँड, आणि आता एसके हायनिक्ससारख्या कंपन्या ३०० च्या वर थर रचतात. थर वाढवून जागा मिळते म्हटल्यावर एकेका सेलला आखडून बसायची गरज उरली नाही, सेल परत ऐसपैस झाले. शिवाय बहुतेकांनी फ्लोटिंग गेट सोडून चार्ज ट्रॅप घेतलं, ज्यात इलेक्ट्रॉन सिलिकॉन नायट्राइडच्या थरात जिथल्या तिथे अडकतात, इन्सुलेशनला एक भोक पडलं तरी सगळे निसटत नाहीत. त्यामुळे आजची बरी टीएलसी त्या शेवटच्या काळातल्या सपाट एमएलसीला टिकण्यात सहज टक्कर देते. नुसती अक्षरं बघून ड्राइव्ह जोखू नये, कोणत्या काळातली आहे ते बघावं.

आता गोंधळीभाऊंच्या मूळ प्रश्नाकडे, कारण उत्तर त्यांनी स्वतःच लिहिलंय, फक्त त्यांना माहीत नाही 😀

क्यूएलसी एवढी मंद असूनही १५०० दिसले कसे? कारण ड्राइव्ह मोकळे सेल तात्पुरते एसएलसीसारखे वापरते, सेलमागे एकच बिट, दणादण लिहायचं. नंतर तुमचं काम थांबलं की तोच डेटा ४-४ बिट करून नीट घडी घालून ठेवते. पण एक बिट भरला तर चार बिटची जागा अडते. तुमच्याकडे मोकळी जागा २०० जीबी. भागिले ४. किती आले? ५०. आणि स्पीड कुठे पडला? ४८ ला. त्यानंतर ड्राइव्हला दुहेरी काम, आधीच्या डेटाची घडी घालून जागा करायची आणि तुमचा नवीन डेटाही घ्यायचा, म्हणून हार्ड डिस्कपेक्षाही खाली गेला.

सगळ्या ड्राइव्ह असं पूर्ण मोकळी जागा वापरतात असं नाही, काहींची कॅश ठरावीकच असते, पण तुमचा आकडा इतका तंतोतंत आहे की पैज लावायला तयार आहे. आता तुमच्याकडे १५० मोकळे असतील. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवा, झोपवू नका, ड्राइव्हला घडी घालू द्या. उद्या उरलेले व्हिडिओ टाका. ३७ जीबीच्या आसपास परत पडेल.

फटकळ

थ्रीडीचा मुद्दा मान्य. तरीपण क्यूएलसी घेणार नाही.

रातकिडा

नका घेऊ, पण आयुष्याचा हिशोब तरी करा एकदा. १ टीबी टीएलसी ड्राइव्हला बहुतेक वेळा ६०० टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिता येईल याची कंपनीची हमी) लिहिलेलं असतं आणि क्यूएलसीला २०० च्या आसपास. २०० टीबी म्हणजे रोज ३० जीबी लिहिलंत तरी १८ वर्षं. आणि हा आकडा तुमच्या बाजूने लिहिलेल्या डेटाचा असतो, आतली हलवाहलव कंपनीने आधीच धरलेली असते. व्हिडिओ एडिटिंग, डेटाबेस, दिवसरात्र रेकॉर्ड करणारे कॅमेरे असलं काही असेल तर टीएलसीच घ्यावी, वाद नाही. फोटो, गाणी, गेम्स, एकदा टाकून वारंवार वाचायच्या गोष्टी असतील तर क्यूएलसीला नावं ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. गोंधळी, एखादं "स्मार्ट" माहिती, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दाखवणारं टूल टाका आणि "परसेंटेज यूज्ड" आणि "डेटा युनिट्स रिटन" बघा. एनव्हीएमईत एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट.

निवांत_नाना

एक भाबडा प्रश्न. ओल सुकते म्हणालात, म्हणजे कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हमधला डेटा आपोआप जातो?

उलटतपासणी

भाबडा नाही नाना, हाच प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग रडतात. हो, इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात, उकाड्यात जास्त वेगाने. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक असं की घरगुती ड्राइव्हने तिचं ठरलेलं सगळं आयुष्य वापरून झाल्यावरही बंद अवस्थेत ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष डेटा धरला पाहिजे. सर्व्हरवाल्या ड्राइव्हला तर ४० अंशाला ३ महिनेच. नीट वाचा, "आयुष्य वापरून झाल्यावर". नवीकोरी ड्राइव्ह यापेक्षा खूप जास्त टिकते, चौकट घट्ट असते ना.

ड्राइव्हला वीज मिळत असली की चांगला कंट्रोलर जुना डेटा अधूनमधून तपासून ताजा करत राहतो. मी एकदा एक भरपूर वापरून झालेली ड्राइव्ह दोन-अडीच वर्षं ड्रॉवरमध्ये टाकून विसरले होते, परत लावली तर फाईली होत्या सगळ्या पण वाचायचा वेग इतका कमी की मला वाटलं केबल खराब आहे. चूकदुरुस्ती करून करून दमत होती बिचारी. सगळं दुसरीकडे काढलं, पुसलं, परत लिहिलं, वेग पहिल्यासारखा. तेव्हापासून कायमस्वरूपी जपायचं काही असेल तर ते मी साध्या हार्ड डिस्कवर ठेवते, आणि एका हार्ड डिस्कवर नाही, दोन.

निवांत_नाना

आणि पेनड्राइव्ह? माझे गेल्या सात-आठ वर्षांचे फोटो एकाच पेनड्राइव्हमध्ये आहेत.

उलटतपासणी

आत्ता उठा आणि कॉपी करा. मी थट्टा करत नाहीये. पेनड्राइव्हमध्ये बऱ्याचदा उरलासुरला फ्लॅश आणि अगदी साधा कंट्रोलर असतो, ताजं करणं वगैरे लाड नसतात तिथे.

गोंधळी

मंडळी, निकाल घेऊन आलोय.

आधी टूल. डेटा युनिट्स रिटन ३ कोटी १० लाखाच्या आसपास, रातकिड्याच्या हिशोबाने गुणलं तर साधारण १६ टीबी झाले तीन वर्षांत. परसेंटेज यूज्ड ८. ड्राइव्हवर २०० टीबीडब्ल्यू लिहिलंय म्हणजे गणित बरोब्बर जुळतंय. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने फक्त अंगठा पाठवला.

मग रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला आणि सकाळी उरलेले व्हिडिओ टाकले. परत १४५०, मी घड्याळ आणि आकडा दोन्हीकडे डोळे लावून बसलेलो, बायको विचारतेय काय बघतोयस एवढं. ३० झाले, ३३ झाले, ३५ झाले तरी पडेना, म्हटलं बाबा हरले.

३६ ला पडला.

सोल्डरबाबा

एका जीबीने चुकलो.